दर ७.३ सेकंदांनी

हार्लेम, ५ ऑक्टोबर २०२५

ती. मंजूषाआत्यास,
भार्गवीचा शि. सा. न. वि. वि.

१. इथल्या जुन्या बाजारात ‘पोर्तुगाल’ लिहिलेल्या खोक्यात एक छोटी तबकडी मिळाली. कव्हरवरची पोर्तुगीज आडनावं वाचून विकणाऱ्याने तिथे टाकली असावी. गाणी कोंकणी, मुंबई, १९७५.

२. ट्रम्पेट, ड्रम आणि मागे एका बाईचा आवाज. त्या दिवशी पहिल्या बाजूचं गाणं मी अठरा वेळा ऐकलं.

३. शब्द कुणाला कळतात का, म्हणून एक तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला.

४. संगणकावर आवाज साफ करताना दर ७.३ सेकंदांनी एक बारीक टिचकी सापडली. चरा असता तर प्रत्येक फेरीला, म्हणजे १.३३ सेकंदांनी आली असती. ही बरोबर समेवर येते.

५. कव्हरवर सहा जण आहेत. कडेच्या साडीतल्या बाईचं नाव ‘मारिया’ छापलंय. ती तू आहेस.

इथल्या कापेल गावातले एक गृहस्थ हे गाणं नव्या तबकडीवर पुन्हा काढताहेत. साफ केलेली प्रत मी देणार आहे. त्यांना मारियाचं खरं नाव हवंय. तुमच्याकडे फोन काका उचलतात, म्हणून कागदावर विचारते.

माया आहे तशीच राहू दे.

भार्गवी

—

ठाणे, १७ ऑक्टोबर

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

अगं, हॉलंडात नोकरी करायला गेलीस की हेरगिरी करायला? इंजिनीअर पोरीला पत्र लिहिणं म्हणजे चौकशी समितीपुढे बसणं!

शेजारच्या ब्लेझच्या बँडमधली गाणारी मुलगी ऐन रेकॉर्डिंगला आजारी पडली. तुझी आजी वेंगुर्ल्याची, म्हणून कोंकणी माझ्या कानावर होती. लग्नाला आठ दिवस झालेले. माहेरी जाते सांगून गेले. तिथे रेकॉर्डिंगवाल्यांनी चुडा काढायला सांगितला. नव्या नवरीने हिरवा चुडा कसा काढायचा? पदर मुठीत धरून हात मांडीवर दाबला. पण सम आली की हात राहतो कुठे!

गाणं सोडीन असा शब्द सासूबाईंना दिला होता. ह्यांना तर मला गाता येतं हेच ठाऊक नाही. पन्नास वर्षं झाली. आता काय तोंडाने सांगू? तू ग्रुपवर टाकल्यापासून एका जागी बसवत नाही. फोन वाजला की पोळी करपते. त्या टिचक्या पुसून टाक आणि मारियाला मारियाच राहू दे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आत्या

—

हार्लेम, ३० ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टिचक्या काढल्या. दोन मिनिटांचं काम. ऐकलं. मग परत घातल्या. असं चार वेळा केलं. आता दोन प्रती तयार आहेत.

परवा काकांचा फोन आला. ग्रुपवरचा तुकडा ते रोज सकाळी फिरायला जाताना ऐकतात. बाईचा आवाज ओळखीचा वाटतो म्हणाले. बांगड्या वाजतात तिथे ते थांबतात, मागे नेऊन पुन्हा ऐकतात. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला हीच बाई आहे का, असं विचारलं. असेल तर तेही पाठव, पण आत्याला सांगू नकोस, उगाच घाबरेल, म्हणाले.

मी तुझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या बाजूलाही तूच आहेस; ते गाणं अजून पाठवलेलं नाही.

कव्हर २४ नोव्हेंबरला छापायला जाईल. कोणती प्रत द्यायची आणि मारियाच्या जागी कुणाचं नाव लिहायचं, हे शुक्रवार, २१ नोव्हेंबरपर्यंत कळव.

भार्गवी