कुंकू लावलेला पाहुणा

सोलापूर
५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पुन्हा कागदावर आले. तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस! मागच्या खेपेला मी इतकी ओरडले की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकून निघून गेलं.

बातमी आनंदाची आहे. आमच्या सूनबाईच्या, महेश्वरीच्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीला पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाकडून विचारणा झालीय. तिथल्या ऋतुजाबाई सोमवारी स्वयंपाकघर बघायला येणार, मगच मागणी पक्की होणार. पोरगी किती वर्षं भाकऱ्या बडवतेय, तिचा सगळा जीव ह्यात अडकलाय.

आणि नेमका आत्ताच घरात उंदीर! महेश्वरी म्हणते विषाच्या गोळ्या आणू. मी साफ नाही म्हटलं. गणपतीचं वाहन ते, माझ्या घरात मरू द्यायची नाही. म्हणून पिंजरा आणला, आत कडक भाकरीचा तुकडा अडकवला. सापडला की! आता तूच सांग, आपल्या घरातनं निघणाऱ्याला कुंकू लावल्याशिवाय आपण कधी पाठवलंय का? काडीला कापूस गुंडाळला, तेलात कालवलेलं कुंकू गजांतून त्याच्या पाठीला टेकवलं, शिदोरीला भाकरी दिली आणि मागच्या बोळात सोडून आले. तेव्हापासून सूनबाई तोंड फुगवून बसलीय, माझ्याशी बोलत नाही.

तू तरी माझी बाजू घे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
दाक्षायणी


मोहोळ
८ नोव्हेंबर

चि. सौ. दाक्षायणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू का रडू ते कळंना. तू उंदीर सोडतीस का पोरगी नांदायला पाठवतीस? अगं, बोळात सोडलेला उंदीर तुझ्या आधी घरात पोचतो. आमी हितं शेंगांच्या खोलीत चाप लावतो. खट्ट झालं की विषय संपला. दुसऱ्याच्या कष्टाचं खाणाऱ्याची कसली माया आलीय?

आन् ऐकू येत न्हाय म्हणं! मला लागतं तेवढं सगळं ऐकू येतं.

महेश्वरीचं मात्र लई कौतुक वाटलं. तुझ्या हट्टापायी तिची मागणी गेली तर मी तुझं तोंड बघणार न्हाय, आत्ताच सांगून ठेवते. चटणीला आमच्या नव्या शेंगा घ्या. तुझ्या लेकाला, मल्लिनाथला, टेंपो घेऊन लावून दे, पोती भरून ठेवलीत.

सुनंला माझा आशीर्वाद सांग. तुला तो उंदीर गेल्यावर.

अक्का


सोलापूर
२१ नोव्हेंबर

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं झालं, आणि माझंही!

सोमवारी ऋतुजाबाई आल्या. ओटा चकचकीत, डबे ओळीनं. त्यांनी चटणी चाखली, मान डोलावली, आणि तेवढ्यात शेगडीमागं खट्ट! पुन्हा लावलेला पिंजरा उचलून ठेवायचा राहूनच गेला होता. आत बघते तर तोच की, पाठीवर माझंच कुंकू! बाईंनी विचारलं की हा लाल कसा. मग काय, सगळं सांगून टाकलं, म्हटलं हट्ट माझा आहे, सुनेला बोल लावू नका.

तर इतके दिवस न बोलणारी महेश्वरी पुढं झाली. म्हणाली, आमच्या आईंनी उंदीर मारला नाही हे खरं, पण त्यांनी घरात एक दाणाही उघडा ठेवलेला नाही. आणि एकेक डबा उघडून दाखवायला लागली. अक्का, माझे डोळे भरून आले गं.

ऋतुजाबाई हसतच सुटल्या. म्हणाल्या, जाईन तिथं सांगतात की आमच्याकडं उंदीर नाहीच. एकच आहे असा पुरावा देणारं घर पहिल्यांदा बघतेय. पण हसू आवरल्यावर बजावलं, मोरीच्या नळाशेजारचं भोक बुजवा, ह्याला लांब धाडा, मी आठ दिवसांनी परत येते. भोक लगेच सिमेंटनं बुजवलं. मल्लिनाथ तुझ्याकडं शेंगा आणायला निघालाच होता, त्याच्याबरोबर पिंजरा दिला. पुन्हा कुंकू, पुन्हा शिदोरी. वाटेत माळावर सोड म्हणून सांगितलं होतं. रिकामा पिंजरा घेऊन आला.

बाई काल परत येऊन गेल्या. मागणी पक्की! महेश्वरीनं पहिली भाकरी माझ्याच हातानं थापून घेतली.

आता तरी आशीर्वाद पाठव.

तुझी,
दाक्षायणी


मोहोळ
३० नोव्हेंबर

चि. सौ. दाक्षायणीस,
आता घे, भरभरून आशीर्वाद.

महेश्वरीला म्हणावं, जिंकलीस पोरी! तिच्या नावानं साऱ्या गल्लीत पेढे वाटले.

आता माझं ऐक. पाच-सहा दिसांमागं शेंगांच्या खोलीत चाप लावायला गेले. बघते तर पोत्यावर एक उंदीर, पाठ लालभडक! मल्लिनाथ दुसऱ्या खेपेला आला तवा त्याचा कान धरला. मग कबूल झाला की वाटेत गप्पांच्या नादात पिंजरा इसरला, हितं पोती चढवताना दिसला, तवा आमच्याच गोठ्यामागं सोडला. वर तुमाला सांगायची छाती झाली न्हाय.

चाप माझ्या हातातच हुता. एवढे उंदीर मारले, कधी मागंपुढं बघितलं न्हाय. पण धाकट्या भणीनं कुंकू लावून, शिदोरी देऊन माझ्या घरी धाडलेला, त्याला मारू कशी गं? चाप माळ्यावर टाकला. शेंगा पत्र्याच्या कोठीत बंद केल्या आन् गोठ्यात रोज भाकरीचा तुकडा ठेवते. सगळं घर मला हसतंय.

कुंकू आता पुसट व्हायला लागलंय. सुनंला घेऊन लवकर ये आन् परत लावून जा, न्हायतर बाकीच्या उंदरांत आपला कुठला ते मला कळायचं कसं?

वाट बघणारी,
अक्का