मेणाचा हातमोजा

४ मार्च
सांध्यांना शेक द्यायचं मेणाचं भांडं आलं. वितळलेलं मेण बावन्न अंश — माझ्या थर्मामीटरने मोजलं, भांड्यावरच्या काट्यावर विश्वास नाही. उजवा हात सात वेळा बुडवून काढला. वर पिशवी, टॉवेल, वीस मिनिटं.
आई दारातून: "अगं, हात तळायला काढलास की काय!"
मेणाचा हातमोजा सोलून काढला. मूठ वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा, सकाळी सातला.

५ मार्च
पुन्हा वळली.

१९ मार्च
साहेबांनी बोलावलं. ज्या प्रमाण वजनांवरून आम्ही गावभरचे तराजू तपासतो, ती फेरतपासणीत जड भरली. तीन दशांश मिलिग्रॅमने.
"तुझा हात थरथरतो. सोमवारपासून अर्ज घ्यायला आवक खिडकीवर बस. सांध्यांना आराम पडेल."
बोलताना स्वतःची बोटं चोळत होते. खोलीभर मलमाचा वास.
वजनाचं टेबल सोडणार नाही. मी काय खिडकीत बसायला शिकले?

२० मार्च
आकडे मांडले. थरथरत्या हातातून वजन निसटतं, घासतं, हलकं होतं. ही सगळी जड आहेत. म्हणजे काहीतरी चिकटलंय.
वजन धरण्याआधी चिमट्याच्या टोकाला बोट लावून धूळ नाही ना बघायचं, ही साहेबांनीच शिकवलेली सवय. बोटावर मेण. टोकावर मेण. वजनावर मेण.
स्वतःवर इतकी चिडले की जेवले नाही.

२१ मार्च
हात साबणाने धुतले. चिमटा नि वजनं स्पिरिटने पुसली. वीसपैकी वीस बरोबर. साहेबांना जाऊन सांगितलं.
"म्हणजे चूक तुझीच."
"माझी. सांध्यांची नाही."
"मग मेण सोड."
"टोकाला बोट लावणं सोडते. मेण नाही."
"सोमवारी खिडकी. विषय संपला."
संपला नाही.

२२ मार्च
खण रिकामा करायला गेले. आधी तपासणीची वही मागे चाळली. वजनं जड भरू लागली ती अकरा फेब्रुवारीपासून, थोडी थोडी, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा घरात मेण नव्हतं. तेव्हा मीच नव्हते — मूठ वळेना म्हणून आठ दिवस रजेवर. माझ्या जागी साहेब बसले होते. ती बोटं, ते मलम.
खण भरलेलाच ठेवला. सोमवारी वही त्यांच्यासमोर उघडणार. शेजारी मेणाचं भांडं ठेवणार. त्यात दोघांचे हात मावतात.