एका नावाच्या दोघी

आई, तुझ्या दवाखान्यात आता रक्ताचे रिपोर्ट संगणकातून निघतात. तू गेलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. तुझं तिरकं अक्षर होतं आणि ते फक्त मला आणि औषधाच्या दुकानवाल्याला वाचता यायचं. हे सॉफ्टवेअर निवडताना काय झालं, ते तुला सांगायचं किती वर्षांपासून मनात आहे. आज दुपारी दवाखाना रिकामा आहे. धानाची रोवणी सुरू असली की अर्जुनीच्या आसपासची माणसं दुखणंसुद्धा पुढे ढकलतात, हे तुला मी काय सांगू. खिडकीतून तलाव दिसतो. बलारशाकडे जाणारी गाडी नुकतीच गेली, तिचा आवाज पाण्यावरून बराच वेळ येत राहिला. आता इतकं शांत आहे की तू आतल्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं असशील असं वाटतं.

नव्याण्णव सालची ती सुट्टी मला नेहमी आठवते. बारावीची परीक्षा झाली आहे, निकाल लागायचा आहे, आणि मी दिवसभर तुझ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला भाताचं पातेलं, दुसऱ्या बाजूला फडक्यावर उपड्या घातलेल्या काचेच्या नळ्या. तुझ्या हातांना एकाच वेळी स्पिरिटचा आणि फोडणीचा वास यायचा. तू मला सिकलसेलच्या आजाराची स्लाइड करायला शिकवलंस. रक्ताचा थेंब, त्यात औषध, वर पातळ काच, कडांना मेण, आणि मग वाट बघणं. गोल गोल पेशी आधी नुसत्या तरंगत असतात. हळूहळू एखादी लांबट होते, विळ्यासारखी वाकते. ‘पाय, इळा झाला,’ तू माझ्या कानाशी म्हणायचीस. मला ते जादूसारखं वाटायचं. एकदा मी एकटीच बघत असताना अख्खी स्लाइड अशी विळ्यांनी भरून गेली आणि मी आनंदाने दाराकडे तोंड करून ओरडले, ‘आई, पॉझिटिव्ह!’ तू आत आलीस, दार लावलंस आणि आवाज न चढवता म्हणालीस, ‘कायले ओरडून राहिली? ते बाहेर बसलेल्या बाईचं रक्त आहे. तुझा पेपर नाही तो.’

मग तू त्या बाईला तपासणीच्या खोलीत न बोलावता स्वयंपाकघरात नेलंस. पाटावर बसवलंस, कोरा चहा दिलास, आणि पहिला प्रश्न विचारलास, ‘तुझं माहेर कोणतं व?’ तू प्रत्येकीला हे विचारायचीस. ती बाई माहेरच्या धानाच्या बांधीबद्दल, भावाबद्दल बोलत राहिली, आणि त्या बोलण्याच्या मध्येच कुठेतरी तू तिला काय झालंय ते सांगितलंस. मी दाराआड उभी होते. नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलंस ते मला ऐकूच आलं नाही. नंतर नागपूरला इतकी वर्षं शिकले, पण ते वाक्य कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

तू गेल्यावर दादाने दवाखाना धरून ठेवला. माझं पॅथॉलॉजीचं शिक्षण संपलं आणि मी परत येऊन तुझी लॅब उघडली. गर्दी वाढली. बाजाराच्या दिवशी तर बाकावर जागा नसायची, व्हरांड्यात माणसं उकिडवी बसायची. हाताने रिपोर्ट लिहिणं जमेना, तेव्हा दादा म्हणाला की आता सॉफ्टवेअर घेऊ. नागपूरच्या एका कंपनीचा माणूस आला. वाटेत कोहमाऱ्याच्या धाब्यावर जेवून आला होता, तिथल्या मिरचीचं कौतुक करत त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर सगळं निळं, स्वच्छ, चकचकीत. पेशंटचा फोन नंबर टाकला की मागचा सगळा इतिहास समोर. तो मला सांगत होता, ‘मॅडम, सिकल जैसी टेस्ट तो ज़िंदगी में एक ही बार होती है ना? हमारा सिस्टम पुराना रिज़ल्ट खुद उठा लेता है. आपकी साइन भी लगा देता है. आपको छूना भी नहीं पड़ेगा.’ गोंदियातल्या मोठ्या दवाखान्यांत हेच आहे म्हणाला. दादाला ते फार पटलं. खरं सांगू, मलाही पटलं. आपल्याला हातही लावावा लागणार नाही, या शब्दांत त्या दिवसांत मला गाढ झोपेसारखं काहीतरी ऐकू आलं. आधी वापरून बघू, मग ठरवू, असं ठरलं.

तो बाजाराचा दिवस होता. चिचगडकडच्या एका जंगलातल्या गावाहून दोन घरची माणसं आली होती. मुलगा आणि मुलगी, लग्न ठरत आलेलं. मुलगा सिकलचा वाहक होता. त्याला स्वतःला काही त्रास नव्हता, पण शाळेतल्या तपासणीत ते कळलेलं होतं. मुलगीही वाहक निघाली तर त्यांच्या लेकरांना पुरता आजार होऊ शकतो, म्हणून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. मुलीचं रक्त घेतलं. काउंटरवर तिने फोन नंबर दिला तो गावातल्या किराणा दुकानाचा, कारण सगळ्या गावाचा तोच नंबर. थोड्या वेळात रिपोर्ट छापून आला, सिकल नाही. खाली माझी सही, मी न केलेली. व्हरांड्यात एकदम हसणं उसळलं. मुलाच्या मामाने समोरून जिलबी आणली, आमच्या काउंटरवरच्या बाईलाही दिली. मी आत स्लाइडमध्ये डोकं घालून होते. ते हसणं मला छान, दुरून आल्यासारखं ऐकू आलं.

दुपारी ट्रे आवरताना त्या मुलीची नळी हाताला लागली. भरलेली, झाकण न उघडलेली. ती कोणी तपासलीच नव्हती. मी पडद्यावर तिचं नाव काढलं तेव्हा कळलं. त्याच गावची, त्याच नावाची, त्याच आडनावाची, जवळपास त्याच वयाची दुसरी एक बाई मागच्या आठवड्यात येऊन गेली होती. फोन नंबरही तोच, किराणा दुकानाचा. सिस्टमने दोघींना एक केलं होतं, आणि त्या बाईचा निकाल उचलून या मुलीच्या हातात दिला होता. मी तिचं रक्त तपासणीच्या द्रावणात सोडलं आणि नळी रेघांच्या कागदापुढे धरली. रक्त चांगलं असलं की नळीतून पलीकडच्या रेघा दिसतात. मी बघत राहिले. द्रावण गढूळ होत गेलं आणि रेघा एकेक करून धुक्यात गेल्या.

मी चप्पल अडकवली आणि एस.टी. स्टँडवर गेले. उन्हात सगळं पिवळं दिसत होतं आणि मला माझी पावलं जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. देवरीची बस लागायची होती. ती सगळी माणसं लिंबाखाली बसलेली, मुलीच्या मांडीवर बांगड्यांचा पुडा. मी म्हटलं, रिपोर्ट चुकला आहे, पुन्हा चला. मामा उठून उभे राहिले. ‘सकाळी नाही म्हणलं, आता आहे म्हणता? मशीन तुमची, कागद तुमचा, सही तुमची. आमी काय समजाचं?’ मी म्हटलं, ‘सही माझी आहे मामा, पण ती मी केली नव्हती. आता मी स्वतः करते, तुमच्यासमोर.’ ते आणखी काही बोलणार होते, पण मुलगी आधीच उठली होती.

मी त्यांना तुझ्या स्वयंपाकघरात नेलं. आत फक्त त्या दोघांना, बाकीच्यांना बाहेर. तिचं रक्त विजेच्या पट्टीवर चालायला लावलं, नुसती वाहक की पुरता आजार ते त्यावरच कळतं, आणि चहा ठेवला. पट्टीला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही तिघं बसलो. मी तिला तिच्या आईचं माहेर विचारलं आणि ती बोलत गेली, मोहफुलं वेचायला पहाटे आजीबरोबर जायची ते, तिथे एकदा अस्वल दिसलं ते. मुलगा तिच्याकडे बघत ऐकत होता, त्यालाही हे नवीनच असावं. पट्टीवर दोन वेगळ्या रेघा उमटल्या. ती वाहक होती. मी सांगितलं. प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी भीती आहे, हे सांगितलं. लग्न करा किंवा करू नका असं म्हटलं नाही. पोटात बाळ असतानाच नागपूरला तपासणी होते, हेही सांगितलं. कुठले शब्द वापरले ते आता आठवत नाहीत, आई. मुलगा खाली बघत होता. शेवटी तीच त्याला म्हणाली, ‘तू बोल ना. गप काऊन?’ तो उठून बाहेर गेला. मामांनी त्याच्याकडून ऐकलं आणि सोयरीक तिथेच मोडली. जाताना ती मुलगी मला म्हणाली, ‘तुमची मशीन खोटी बोलली थे बरं होतं.’ रागाने नाही म्हणाली. नुसतं म्हणाली.

नागपूरच्या माणसाला फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, ये तो फीचर है. गलती आपके काउंटर की है.’ दादा माझ्याकडे बघत होता. मी फोन ठेवला आणि म्हटलं, हे नको. दादाने वाद घातला. एवढ्या मोठ्या कंपनीला सोडून कोणाला आणणार, म्हणाला. मग गोंदियाचे एक गृहस्थ आले, आधी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे, आता घरातूनच हे काम करायचे. त्यांनी लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. बाजाराचा पूर्ण दिवस ते बाकावर पेशंटमध्ये बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर आत येऊन विचारलं, ‘मॅडम, एक नाम की दो औरतें आ जाएँ तो आप कैसे पहचानती हैं?’ मला एकदम तुझा आवाज आला. मी म्हटलं, ‘माहेर विचारते.’ त्यांनी तो शब्द दोनदा घोळवला आणि कागदावर लिहून घेतला. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये माहेरच्या गावासाठी जागा आहे, आणि मी प्रत्येक रिपोर्ट उघडून पाहिल्याशिवाय तो छापला जात नाही. दिसायला ते अगदी साधं आहे, पडदा राखाडी, कधीकधी अडकतं. दादा अजून कुरकुरतो. पण काउंटरवरच्या बाईने माहेर विचारलं की रांगेतल्या बाया अजूनही तशाच खुलतात.

धान कापणीच्या सुमारास तो मुलगा एकटाच आला, सायकल व्हरांड्याला टेकवून. पेशंट नव्हता, म्हणून काउंटरवर नाव सांगेना. मी बाहेर गेले. तो माझ्याकडे न बघता, सायकलच्या घंटीवर बोट फिरवत म्हणाला, ‘मॅडम, थे नागपूरले कोणत्या महिन्यात जा लागते?’ मला समजायला क्षण लागला. मग मी तिथेच पायरीवर बसले आणि त्याला सगळं नीट सांगितलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली, दोनदा. पहिल्या वेळचं मी लिहीत नाही. त्या वेळी ती तुझ्या पाटावर बसून खूप रडली, आणि मी नुसती शेजारी बसले. दुसऱ्या वेळची मुलगी आता चालते. आईबापांसारखीच वाहक आहे, ठणठणीत, आणि आमच्या लॅबच्या दाराशी आली की किंचाळते.

आता ऊन तलावाच्या पलीकडच्या काठाला गेलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाठवायला पत्ताही नाही. पण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. नवीन सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी गोंदियाचे सर म्हणाले, चालतं का बघायला कुठलंही खोटं नाव टाका. मी तुझं टाकलं. जन्मतारीखही खरी टाकली. नंतर त्यांनी फोनवर विचारलं, ‘वो टेस्ट वाली एंट्री निकाल दूँ?’ मी राहू द्या म्हटलं. सॉफ्टवेअर वय आपोआप मोजतं, आई. तू बाहत्तर वर्षांची झाली आहेस. कधीकधी दुपारी, कोणी नसताना, मी तुझं नाव काढून बघते, आणि बंद करताना ते विचारतं की काही बदल करायचे आहेत का. मी नाही म्हणते.