लाडकुंवरबाईंची हजेरी

जळगाव,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
वैजूचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय, बाजारात भरिताची वांगी आलीत. अभिमन भाऊजींचा गुडघा कसा आहे? घरात फोन असताना ही पत्र का लिहितेय, असं तू म्हणशील. फोनवर तू मला तिसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून.

दोंडाईच्याच्या स्थळाला तू पाठवलेला माझा फोटो बघितला. मोबाइलवर किती गोरा केलास गं! फोटो छानच आहे. फक्त ती बाई कोण, आणि तिने माझी साडी का नेसलीय, ते कळेना.

त्यावर मग येते. आधी ऑफिसची गंमत.

आमची कंपनी हजेरीचं मशीन बनवते, हे तुला माहीत आहे. समोर उभं राहिलं की ते चेहरा ओळखतं आणि गोड आवाजात म्हणतं, "आपली हजेरी लागली." ओळखलं नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर पगार नाही. त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम. पहिलं मशीन आमच्या मालकांनी, अर्पितसाहेबांनी, त्यांच्या काकांच्या, अभयकुमार शेठजींच्या, दाळमिलच्या फाटकावर बसवलं. शेठजींना ते लांबूनच ओळखायचं. हमाल आणि दाळ निवडणाऱ्या बायका आल्या की गप्प.

"ताई, मी आठे उभा शे," नथ्थूभाऊ हमाल मला म्हणाले, "आनि हाई म्हनस, कोनी नही. मंग उभा कोन शे?"

एक दिवस त्या बायकांतली भिकुबाई भाचीच्या लग्नातून थेट कामावर आली. तोंडावर ही एवढी पावडर. मशीनने तिला पटकन ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून सगळी मिल पावडर लावून! शेठजींनी स्वतः फाटकाला सुतळीने डबा टांगला. नथ्थूभाऊंच्या मिशा पांढऱ्या झाल्या. भिकुबाई म्हणे, "मना लगीनमा बी इतली पावडर नव्हती वं!" मीही खूप हसले. मग गंमत म्हणून फाटकावरच्या मशीनसमोर मी स्वतः उभी राहिले, तर माझ्याशीही अबोला.

कारण सापडलं. माणसाचा चेहरा कसा असतो, हे मशीनला हजारो फोटो दाखवून शिकवावं लागतं. अर्पितसाहेबांनी दाखवले ते भाऊबंदांच्या लग्नांतले. सगळे गोरे, सगळे नटलेले, सगळे झगझगीत दिव्यांखाली. त्यामुळे मशीनच्या मते माणूस म्हणजे वऱ्हाडी. बाकीची सगळी हवा.

मी सांगितलं, मिलमधल्या सगळ्यांचे फोटो काढू आणि त्याला पुन्हा शिकवू. अर्पित म्हणाला, "शिकवू, पण धुळ्याच्या ऑर्डरनंतर." (साहेबांना 'म्हणाला' लिहिलं वाटतं. राहू दे. पेनाने लिहिलेलं आहे.)

सोमवारी धुळ्याच्या एका कारखान्याचे लोक मशीन बघायला मिलमध्ये आले. ऑर्डर मिळाली तर कंपनी तरणार, नाहीतर टाळं. मशीनसमोर उभं राहायचं होतं मी. ते यायच्या आधी अर्पित माझ्याजवळ आला आणि चपलांकडे बघत म्हणाला, "वैजयंती, आजच्या दिवस थोडी पावडर लावशील?"

अक्का, याच माणसाने शनिवारी मला दुसरंही काही विचारलं होतं. त्याचं उत्तर मी दोन दिवस गुणगुणत होते. गुणगुणणं बंद. मी नळावर गेले आणि खसखसून तोंड धुऊन आले.

पाहुणे उभे, शेठजी उभे, सगळी मिल उभी. मशीन म्हणालं, "कृपया समोर या." मी सरकले. "कृपया समोर या." नाक काचेला टेकलं. शेवटी वैतागून बाजूला झाले, तर मशीन आनंदाने म्हणालं, "लाडकुंवरबाई, आपली हजेरी लागली."

लाडकुंवरबाई म्हणजे शेठजींच्या आई. जाऊन वर्ष झालं. समोरच्या भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. शेठजींनी घरच्या सगळ्यांबरोबर आईचाही फोटो नावासकट मशीनमध्ये घातला होता, आशीर्वाद म्हणून. शेठजींनी तिथल्या तिथे हात जोडले.

भिकुबाईला माझी दया आली. तिने डबा पुढे केला. "ताई, लाव वं थोडी."

पाहुण्यांनी विचारलं, "म्हणजे पावडर लावली की चालतं?"

"एकदम!" शेठजी म्हणाले. "डबा आमच्याकडून भेट."

सगळे हसले. मी अर्पितकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "यांच्या चेहऱ्यात काही चूक नाही. मी मशीनला आमच्या घरची लग्नं दाखवली, गाव दाखवलंच नाही. वैजयंती कधीची सांगतेय. हे असं मी विकणार नाही."

पाहुणे चहा पिऊन गेले, ऑर्डरही गेली. शेठजी भडकले, त्यांच्या दुकानावरची आमची ऑफिसची खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करावी लागली. नथ्थूभाऊंनी माझी खुर्ची डोक्यावरून खाली आणली आणि रस्त्यात ठेवली. पाय दुखत होते, म्हणून मी तिच्यावर बसले. अर्पित कॉम्प्युटर कवेत घेऊन उभा होता. मी बसल्या बसल्या त्याला शनिवारचं उत्तर देऊन टाकलं. त्याने कॉम्प्युटर खाली ठेवला नाही, पण रडला.

तेव्हा दोंडाईच्याच्या मंडळींना रविवारी येऊ नका म्हणून कळव. आम्ही दोघे येतोय. त्याच्या आईचं म्हणणं, मुलगी काळी, वय चाळिशीला टेकलेलं, आणि आपल्यातली नाही. याच क्रमाने. तू तिसऱ्यापासून सुरू करशील, मला ठाऊक आहे. शिवाय तो कांदा-लसूण खात नाही, वांगंही नाही. हे वाचून तू कपाळाला हात लावशील. साधं वरण-भात कर.

पगाराचं काय, कंपनीचं काय, काही माहीत नाही. उद्यापासून मिल सुटली की फाटकाबाहेर उन्हात सगळ्यांचे फोटो काढतोय. भिकुबाई नवं लुगडं नेसून येणार आहे. नको म्हटलं तर रागावली.

अक्का, मला भीती वाटतेय. अर्पितची नाही, तुझी. दार उघडलं नाहीस तर आम्ही ओट्यावर बसू. पेपर वाचायला भाऊजी बाहेर येतीलच.

आणि एक. लहानपणी तू मला एका नावाने हाक मारायचीस. स्थळं बघायला लागल्यापासून ते नाव तू बंद केलंस, मला वाईट वाटेल म्हणून. मला त्या हाकेचं कधीच वाईट वाटलं नव्हतं गं. ती बंद झाल्याचं वाटलं. रविवारी त्याच्यासमोर मोठ्याने मार.

तुझी,
काळू