फौज सावनेरला निघते

प्रताप नगर, नागपूर
१६ सप्टेंबर १९७९

प्रिय पुष्पा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती! 'इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी.' जिची टकळी सुरू झाली की आई कानांत बोटं घालायची, ती पोर सावनेरला सासरी जाऊन चार महिन्यांत एका ओळीवर आली, हे मला मुळीच आवडलेलं नाही. काळजी नसावी म्हटल्याने बापाची काळजी जाते का, बेटा?

आपला रविवार आता सुना जातो. खाटेवर गोधड्या रचून केलेली सीताबर्डीची टेकडी, वर माझे इंग्रज, खाली तुझे भोसल्यांचे घोडेस्वार, आणि स्वयंपाकघरातून 'जेवायला येता की मीच तोफ आणू' म्हणणारी तुझी आई. मी शिसं वितळवून शिपाई ओतायचो, तू त्यांना रंगवायचीस. इंग्रजांनाही भोसल्यांसारख्या झुबकेदार मिशा काढल्यास, तेव्हा मी हात टेकले. खऱ्या लढाईत भोसले हरले असतील, पण आपल्या खाटेवर क्वचितच.

लग्नानंतर फौज घेऊन जा म्हटलं, तर म्हणालीस, राहू द्या, बसमध्ये मोडेल. उमरेडला मामाकडे नेली होती तेव्हा कापसात गुंडाळूनही निम्म्या तलवारी मोडल्या आणि तू जेवली नाहीस, ते मी विसरलेलो नाही. पण खरं कारण ते नव्हतं. नवी सून शिपाई मांडून बसली तर सासरचे काय म्हणतील, ही तुझी धास्ती मला तोंडावरूनच कळली. आणि खरं सांगू, मलाही तीच होती.

तर आता ऐक. मी पेटी बनवली आहे. दुकानात जुन्या फ्रिजच्या दारांची रबरं पडलेली असतात ना, त्यांच्या पोटात चुंबकाची पट्टी असते. तिच्यामुळेच दार घट्ट बसतं. त्या पट्ट्या काढून पत्र्याच्या पेटीच्या तळाला चिकटवल्या, मोठ्या ऐटीत फौज उभी केली आणि पेटी हलवली. सगळे आडवे! तुझी आई तोंडाला पदर लावून म्हणते, "शिसं कुठी चुंबकाले चिकटते काय जी? आन् म्हणे मिस्त्री!" जन्मभर फ्रिज दुरुस्त केले आणि बायकोपुढे नाक कापलं गेलं. मग प्रत्येकाच्या पायाखाली लोखंडी वायसर चिकटवला, घोड्यांना जरा मोठा. पेटी सायकलला बांधून बेसा गावाच्या रस्त्याने मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणली. माझी कंबर मोडली, तलवार एकही नाही. काढताना मात्र सरळ वर ओढू नकोस, वायसर खालीच राहील. आधी आडवं सरकव, मग उचल.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. पेटी मला आपणहून सुचली नाही. पोळ्यानंतर तुझ्या सासूबाई इथे येऊन गेल्या. तुला त्यांनी दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं होतं. समोरचा चहा तसाच ठेवून तुळसाबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, पोरगी कामाले कुठीच कमी नाही, पण हसत नाही जी. आमचं काय चुकून राहिलं? तिले काय आवडते, तेवढं सांगा." मी उठलो आणि त्यांच्यापुढे फौज मांडली. त्यांनी एकेक शिपाई हातात घेऊन पाहिला. नको ते विचारलं नाही, हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पण तिच्यासंग खेळन कोण?" आणि मग त्याच म्हणाल्या, "मी शिकीन." आज त्या पेटी न्यायला आल्या आहेत, हे पत्रही त्यांच्याच हाती देतो आहे. आत तुझी आई त्यांना तोफ किती लांब मारते ते शिकवते आहे, आणि दोघींचं भांडण इथवर ऐकू येतं. तेव्हा बेटा, खाटेवर गोधड्या रच. सासूचा मान राखायचा म्हणून मुद्दाम हरू मात्र नकोस. हे माझं सांगणं नाही. पत्रात एवढं लिहाच, म्हणून त्यांनीच मला दोनदा बजावलं आहे.

तुझाच, 
फौजेविना उरलेला
बाबा