टाकीतला आवाज

दादा, मी एक मशीन विकत घेतलंय. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही आला नव्हता, त्यामुळं हे काय आहे ते तुम्हाला समजावणं सोपं नाही. तरी सांगते, कारण ते निवडताना तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. पाटाएवढं लांब, विटेएवढं जाड असं लोखंडी डबडं आहे. इलेक्ट्रिक गिटारची वायर एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूनं आवाज बदलून बाहेर येतो. कुणाला तो फाटका हवा असतो, कुणाला थरथरता, कुणाला डोंगरापलीकडून आल्यासारखा. पायानं दाबायची बटणं आहेत, हातानं फिरवायची चाकं आहेत. दुकानात त्याला प्रोसेसर म्हणतात. तुमच्या जावयाचं म्हणणं असं की बँकेतून निवृत्त झालेल्या बाईनं त्यापेक्षा नवा मिक्सर घ्यावा, वाटण तरी होईल. मी म्हटलं, वाटण तुम्ही करणार असाल तर मिक्सर आजच आणते. मग ते पेपर वाचायला लागले.

झालं असं की माझ्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली. माझ्या निम्म्या वयाचा डॉक्टर मला म्हणतो, "मॅडम, आता गिटार बंद करा, भजनं ऐका." भजनं ऐका! जन्मभर काउंटरच्या अलीकडं बसून लोकांचं ऐकलं, आता निवृत्तीतही ऐकतच बसू? पण बोटं खरंच दुखतात. तुम्ही आणलेल्या गिटारच्या तारा लाकडापासून इतक्या उंच राहिल्यात की दाबायला जोर लागतो, आणि त्या उंच का राहिल्यात हे जगात तिघांनाच नीट माहीत, त्यातले एक तुम्ही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात, लाकडाला लागून असतात. एका ठिकाणी विकायला होती ती हातात घेऊन पाहिली, बोट दुखलं नाही, म्हणून घेतली. घरी आणून वाजवली तर पत्र्याच्या डब्यावरून मुंगळा चालत गेल्यासारखा आवाज. स्पीकरला जोडली तर मोठा मुंगळा. तेव्हा मी ठरवून टाकलं. मशीननं हा आवाज माझा करून दिला तर ठीक, नाही तर दोन्ही गिटारी देऊन टाकायच्या आणि डॉक्टरची भजनं लावायची.

माझा आवाज म्हणजे कुठला, ते तुम्हाला सांगायला नको. पण कागदावर आलंच आहे तर येऊ दे.

बहात्तरचा दुष्काळ. तुम्ही पाणीपुरवठ्यात लाइनमन, ती माणसाएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवत हिंडायचात. ज्या गल्लीत पाणी सोडलं तिथं चहा, जिथं नाही तिथं शिव्या. मी कॉन्व्हेंटमध्ये, फी माफ असलेली, आणि सिस्टर आम्हाला गिटारवर प्रार्थना शिकवायच्या. सरावाला घरी गिटार हवी असं मी एकदाच बोलले होते. छावणीतलं एक लष्करी कुटुंब बदली होऊन निघालं, तिथल्या बाईंनी तुम्हाला विचारलं, सामानातलं काय नेता, खाट की कपाट? तुम्ही भिंतीवर टांगलेल्या गिटारीकडं बोट दाखवलं. आईनं त्या खाटेवरून तुम्हाला पुढं कित्येक वर्षं ऐकवलं. तुम्ही गिटार सायकलवर आणली ती आजोबांच्या घोंगड्यात गुंडाळून, ज्या घोंगड्यात त्यांनी गावाकडं पिशोरच्या माळावर मेंढरांमागं उभा जन्म काढला. दुसऱ्या दिवशी मी ती तशीच शाळेत नेली. मेंढरांच्या वासानं सिस्टरांना शिंका आवरेनात, आणि मुली आठवडाभर माझ्या बाकावर बसल्या नाहीत. मला काही वाटलं नाही. ऐसपैस बसता आलं.

मग ती संध्याकाळ. गिटार सुरातून उतरली आहे, मी खुंट्या पिळतेय आणि जमत नाही. तुम्ही भाकरी खाऊन हात झटकत येता.

"आण इकडं. शेकावी लागंल."

"दादा, हा ढोल नाही."

"वाद्य हाय ना? मंग! जत्रंत ढोल उतरला की काय करायचो आम्ही? शेकला की चढतो."

आई तव्यावरून मान न वळवता म्हणते, "अवो, लाकूड हाय ते. कातडं नाय."

"तू भाकरी बघ."

आणि तुम्ही गिटार उलटी धरून चुलीच्या धगीवर फिरवता, हळूहळू, पाठ शेकावी तशी, चेहऱ्यावर सगळं ठाऊक असल्याचा भाव. मी बघत उभी आहे, कारण तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक असतं असं मलाही वाटायचं. टक्क असा आवाज येतो. तारा जिथं लाकडाला अडकवलेल्या असतात ती पट्टी सरस सुटून वर उचलली गेली आहे. आई भाकरीच बघत राहते. पुढं सुतारानं पट्टी पुन्हा चिकटवून दिली, पण तारा उंचच राहिल्या आणि आवाज पोत्यात घातल्यासारखा दबून गेला. तुम्ही चूक झाली असं म्हणाला नाहीत. तुम्ही ते कधीच कुणाला म्हणाला नाहीत. काही दिवस मी वाजवायला बसले की तुम्ही सायकल पुसायला बाहेर जायचात, एवढंच.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही म्हणता, "घे ती, चल माझ्यासंगं." पाण्याची मोठी गोल टाकी कोरडी पडली होती आणि पाणी यायच्या आत ती घासून काढायचं काम तुमच्याकडं होतं. आत उतरायला लोखंडी शिडी. तुम्ही घोंगड्याच्या झोळीत गिटार बांधून आधी खाली सोडली.

"बूट काढ. पाय पूस. लोकं पेतेत इथलं पाणी."

"पण पाणीच नाही, दादा."

"येईल की. तवा पेतीलच."

मी मोजे काढून, पाय पुसून खाली उतरते. आत गारवा आहे, शेवाळाचा वाळका वास आहे, वरच्या झाकणातून उन्हाचा एकच चौकोन. तुम्ही खराटा भिंतीला टेकवता आणि म्हणता, वाजव. मी वाजवते, शाळेत शिकवलं तसं, झरझर. सगळा कालवा होतो.

"थांब की! गेलेला आवाज माघारी येऊ दे, मंग दुसरा काढ. तू तर त्याच्या पाठीवरच बसायलीस."

मी रागानं एकदाच सगळ्या तारांवरून अंगठा ओढला आणि हात काढून घेतला. आधी समोरच्या भिंतीनं उत्तर दिलं, अगदी स्पष्ट, माझाच आवाज माझ्याकडं परत. आणि मग त्या उत्तरातून ती सगळी टाकी घुमायला लागली, हळूहळू भरत गेल्यासारखी. त्याच दबलेल्या, शेकलेल्या गिटारचा आवाज होता तो. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. खराटा उचललात आणि म्हणालात, "लई भारी वाद्य हाय." नंतरच्या कित्येक वर्षांत मी जेव्हा जेव्हा ती गिटार घेतली, तेव्हा कानात तोच आवाज धरून वाजवली. खोलीत तो कधी आला नाही.

पिशोरला गेलो की तुम्ही हे पारावर सांगायचात. "पोरीनं तार वढली, म्या चंची काढली, तंबाखू मळली, चुना लावला, तोंडात टाकली, तवर आवाज चालूच!" सगळे माना डोलवायचे. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, एवढा वेळ नाही. दोन श्वास घेईपर्यंत, फार तर तीन." तुमचे भाऊ हसून लोळले. "व्हय गं माय, तू सिस्टरची खरी!" तुम्ही मला रागावला नाहीत. म्हणालात, "तू वाजवत व्हतीस. ऐकत म्या व्हतो." मला सिस्टरांनी खरं बोलायला शिकवलं होतं आणि मी खरं बोलले होते. त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही.

तर हा आवाज हवा होता. औरंगपुऱ्यातल्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, "आंटी, नातवाला गिफ्ट पाहिजे का?"

"मला नातू नाही. मला बोटं आहेत. आणि आंटी म्हणू नकोस."

"सॉरी मॅडम-आंटी. बैठो ना."

त्यानं सिनेमासारखा इवलासा पडदा असलेलं मोठं मशीन काढलं. दोनशे टोन येतेत म्हणाला. आधी त्यानं जो लावला तो ऐकून वाटलं, दळणाच्या गिरणीत मांजर अडकलंय. हा फार चालतो, म्हणे. मी घुमणारे आवाज लाव म्हटलं. एकाचं नाव होतं कॅथीड्रल, म्हणजे मोठं चर्च. कॅथीड्रलमध्ये मी बसलेय, तिथं असा आवाज येत नाही, तिथं मागच्या रांगेतला खोकला येतो. एकाचं नाव गुहा. वेरूळ इथून काही लांब नाही; हे नाव देणाऱ्यानं तिथल्या लेण्यात एकदा येऊन ऐकायचं होतं.

"मॅडम-आंटी, नेमका कौनसा गाना बजाना है?"

"गाणं नाही. पाण्याच्या टाकीतला आवाज हवाय."

"टाकीत कोण गिटार वाजवतं?"

"मी."

तो हसला नाही, हे त्याचं भलं. मी छोट्या मशीनकडं वळले. पडदा नाही, टोन मोजके, नुसती चाकं. तुमच्या व्हॉल्व्हसारखी, फिरवली की कळतं. हेच घ्यायचं असं मी मनात पक्कं केलं आणि मोठ्या मशीनला त्या तरुणासमोर नाही नाही ते बोलले. पण दुकानाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी त्यावर आवाज जमेना. घुमायचा, पण चिखल व्हायचा.

म्हटलं, खऱ्या टाकीत जाऊन एकदा टाळी वाजवून येऊ. तुमची टाकी अजून उभी आहे, दादा. भोवती आता इतक्या इमारती झाल्यात की रिक्षावाल्यालाही शोधावी लागली. गेटवरचा माणूस म्हणाला, परवानगी आणा. मी म्हटलं, माझ्या बापानं ही आतून घासलीय. तो म्हणाला, "असंल मावशी, पर आत पाणी हाय." पाणी आहे! पुंडलिकनगरात आमच्याकडं आठवडा उलटला तरी नळ येत नाही, इमारतीत टँकरवरून रोज भांडणं होतात, आणि नेमकी त्या दिवशी ती टाकी भरलेली. खूप संताप आला. पण परत येताना रिक्षात मला तुमचं "लोकं पेतेत" आठवलं, आणि गेटवरच्या माणसाला मी जे बोलले त्यातलं निम्मं तरी मनातल्या मनात परत घेतलं.

त्याच रिक्षात डोळे मिटून मी टाकीत पुन्हा उतरले. आधी काय झालं होतं? आधी भिंतीचं उत्तर. मग घुमणं. आणि छोट्या मशीनमध्ये सगळं उलटं होतं, आधी घुमवायचं आणि मग त्या घुमलेल्याला उत्तर द्यायचं, म्हणून चिखल. तुम्ही म्हणायचात ना, वरचा व्हॉल्व्ह आधी अन् खालचा मंग, उलटं केलं की अर्धी गल्ली कोरडी. रिक्षा वळवून मी दुकानात गेले.

"यात क्रम बदलता येतो का?"

"इसमें नहीं मॅडम-आंटी. छोटेवाले में फिक्स आहे." मग त्यानं अगदी सभ्यपणे मोठ्या मशीनकडं पाहिलं. "त्याच्यात येतो."

ज्याला मी गिरणी म्हटलं, मांजर म्हटलं, त्याच्यात. मी म्हटलं, लाव. त्यानं पडद्यावर बोटानं एक खोका उचलून दुसऱ्याच्या आधी ठेवला. उत्तर एकदाच, त्यानंतर घुमणं. मी अंगठा ओढला, हात काढून घेतला आणि, तुमची शपथ, थांबले. भिंत बोलली. मग टाकी भरायला लागली. त्या तरुणानं समोरच्या गिऱ्हाइकाला हात करून गप्प बसवलं. बाहेर हॉर्न वाजत होते, पण मला ते फार लांबचे वाटले. "पॅक कर," मी म्हटलं. त्यानं विचारलं, बाकीचे टोन दाखवू? मी म्हटलं, ते तुझ्या नातवाला ठेव.

आता रोज सकाळी तासभर वाजवते. बोटं दुखत नाहीत असं नाही, पण त्यांना बोलावलं की येतात. डॉक्टरला मी काही कळवलेलं नाही. पहिल्या दिवशी यांनी बाहेरून ओरडून विचारलं, "अगं, गच्चीवरच्या टाकीत कोण उतरलंय?" एवढं प्रशस्तिपत्र मला पुरलं. जुन्या गिटारला घोंगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलंय. वास अजून येतो. हा कागदही तिथंच घडी करून ठेवीन, तुम्हाला पाठवायची सोय नाही आणि यांच्या हाती लागायला नको.

एकच गोष्ट राहिली. आवाज किती वेळ घुमावा, यासाठी मशीनवर वेगळं चाक आहे. मला टाकीतला वेळ पक्का ठाऊक आहे, दोन श्वास, फार तर तीन. पहिल्यांदा तेवढाच लावला होता. मग काल पुन्हा वाजवून बघताना यांच्याकडून तंबाखूची पुडी मागून घेतली, तळहातावर मळली, चुना लावला, आणि ती तोंडात टाकायची वेळ येईपर्यंत आवाज टिकेल इतकं ते चाक फिरवलं. तिथंच ठेवलंय. आता पिशोरला कुणी विचारलं तर सांगेन, हो, दादा म्हणायचे तेवढाच वेळ घुमत होता.