घराला कळलं म्हणजे झालं

१२ जानेवारी १९४७, रविवार

आज दुपारी बैलगाडीने गावात पोहोचलो. भिलवडी स्टेशनापासून रस्ता धुळीचा आहे, पण दोन्ही अंगांनी शाळू आणि हरभरा उभा असल्याने प्रवास बरा झाला. काम मनासारखे मिळाले आहे. सुभेदार लालासाहेब लढाईवरून पेन्शन घेऊन आले आहेत आणि घर नवे करीत आहेत. आलेले सामान उतरवून घेणे, फुटले-मोडले बघणे आणि गवंड्यावर लक्ष ठेवणे, एवढे मी करायचे. माझी शाळा सहावीत सुटली हे मी आधीच सांगून टाकले. ते म्हणाले, अक्षर चांगले आहे, तेवढे पुरे. मग आकाराम हे नाव कोणी ठेवले, आईबाप कधी वारले, भाऊ-बहीण कोणी आहे का, हे फार बारकाईने विचारले. केरबामामाने फलटणहून हे सारे आधी कळवले होते, तरी विचारले.

ही आळी सगळी लष्करातून परतलेल्यांची. मातीची धाबी उतरवून मंगळुरी कौले, सारवायच्या जमिनीवर शहाबादी फरशी, खिडकीला निळी-तांबडी काच. एकाने केले की दुसऱ्याला दम निघत नाही.

सुभेदारांच्या पत्नी राहीबाई अबोल आहेत. मूलबाळ नाही. रात्री त्यांनी सगळ्यांच्या आधी मला वाढले. मामाकडे मी नेहमी शेवटी जेवलो आहे. घास गिळताना डोळ्यांत पाणी आले. कोणी पाहिले नसावे.

१७ जानेवारी

माजघरात फरशी सगळीकडे बसली, एक आग्नेयेचा कोपरा सोडून. रहिमान गवंडी संध्याकाळी तिथला शेवटचा दगड बसवतो, पाणसळ ठेवून सपाटी बघतो, आणि सकाळी दगडाची एक कड वर आलेली असते. चुना कच्चा असेल म्हणून सिमेंट घातले. (सि ऱ्हस्व लिहिला आहे, खात्री करून घेईन.) तरी तेच. आता त्या कोपऱ्यातून भिंतीला भेग चढू लागली आहे.

कारण आज कळले. जुन्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा वास्तुपुरुषाची तांब्याची प्रतिमा त्या कोपऱ्यात पालथी पुरली होती. फरशी सपाट यावी म्हणून सुभेदारांनी ती उकरून काढली. भटजींनी नको म्हणून सांगितले होते. मागाहून दुसरी प्रतिमा पुरून पुन्हा शांत केली, पण जागेने ती घेतली नाही, असे रहिमान म्हणाला. घेतली नाही म्हणजे काय, असे विचारले तर तो घमेले उचलून बाहेर गेला.

२२ जानेवारी

शेजारचे गुंडा हवालदार रोज ओसरीवर येऊन टोमणे मारतात. आज म्हणाले, "सुभेदार, नव्या नवरीगत रुसलीया की तुमची फरशी. आमी केला तेवढा खर्च करा, लगीच बसंल." खर्चात सुभेदार मागे हटणारे नव्हेत; लढाईची बक्षिसी, राहीबाईंच्या पाटल्या, सगळे या घरात गेले आहे. ते हसले नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

माझ्याकडे कशाला?

२५ जानेवारी

हवालदारांकडे पाणसळ मागायला गेलो होतो. त्यांची फरशी काचेसारखी आहे. त्यांच्या पत्नी अंबूबाई माजघरात बसून भाकरी कुस्करत होत्या. समोर ताट, आणि ताटापुढे नुसता कोपरा. फरशीकडे तोंड करून म्हणत होत्या, "जेव रं बाळा, गार होतंय." नैवेद्य असेल असे वाटले. पण नैवेद्याला कोणी बाळ म्हणते का? विचारले तेव्हा म्हणाल्या, गेल्या साली जतकडचा एक पोरका मुलगा दत्तक घेतला, त्याचे जेवण आहे. तो कुठे आहे म्हटले, तर हसल्या. "घरातच हाय की. जायाचंय कुठं त्याला?"

घरात दुसरे कोणीच नव्हते. मी नीट पाहिले.

३० जानेवारी

सुभेदारांनी मला दत्तक घ्यायचे बोलून दाखवले. घर, रान, सगळे माझे होईल. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. पण संध्याकाळी शंका आली. आमच्या गावच्या एका खटल्यात मी ऐकले होते की मूल आईबापांनीच द्यावे लागते. पोरक्याला द्यायला कोणी नसते, म्हणून त्याचे दत्तक कायद्यात टिकत नाही. हे मी घाबरत घाबरत सांगितले, कारण उद्या त्यांच्या भाऊबंदांनी मला हाकलले तर? सुभेदार भेगेवर हात ठेवून उभे होते.

"कोर्टाला काय करायचंय?" ते म्हणाले. "घराला कळलं म्हणजे झालं."

३ फेब्रुवारी

केरबामामा आला. मला द्यायला तोच बसणार. डोक्याला कोरा फेटा. त्याच्या झोपड्यावर गवत होते. आता मंगळुरी कौले आली आहेत म्हणाला, पावसाळ्यात गळायची चिंता मिटली. पैसे कुठून आले म्हणून विचारले, तर जेवायला उठला. मला वह्या घ्यायला याच्याकडे कधी चार आणे नसत. बोलताना माझ्या गळ्याकडे, हाताकडे बघतो. तोंडाकडे बघत नाही.

मला उगाच वाईट संशय येतो, असे मास्तर म्हणत. तसेच असेल.

५ फेब्रुवारी

राहीबाईंनी परसात गाठले. मी कडबा मोजत होतो. आधी माझ्या सदऱ्याची गुंडी लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "परवा समदी म्हणतील, हिला आई म्हण. म्हणू नगंस. तुज्या तोंडनं ऐकायला माजा जीव लय आसुसलाय, तरी म्हणू नगंस. आज गाडी जातीया भिलवडीला. जा."

गाडी निघेपर्यंत मी विचार केला. त्यांना वारस नको असणार. परक्या मुलाच्या हाती घर जाते याचे दुःख कोणालाही होईल. मी गेलो नाही. जाऊन कुठे जाणार? कौलांखाली मामा मला घेणार नाही.

७ फेब्रुवारी

विधी झाला. भटजी आले नाहीत. पाट त्या कोपऱ्यातल्या उघड्या मातीवर मांडले होते. मामाने मला उचलून सुभेदारांच्या मांडीवर दिले आणि हात पुसले. सुभेदारांनी माझ्या कपाळाला लावलेले कुंकू बोटाने मातीलाही लावले. मग सगळे म्हणाले, आईला हाक मार. राहीबाई मान हलवत होत्या. मला त्यांची दया आली. वाटले, एकदा हाक ऐकली की मन वळेल. मी आई म्हणालो.

त्यांनी तोंडावर पदर घेतला.

पाटाखालची माती ऊब आल्यासारखी झाली. निजलेल्या जनावराच्या अंगाला येते तशी.

८ फेब्रुवारी

सकाळी मामाला गाडीपर्यंत पोहोचवायला निघालो. अंगणाच्या दारात छाती आवळून आली, पाय गुडघ्यापर्यंत बधिर. घरात आणून बसवले तर लगेच बरे. मामा थांबला नाही. भिंतीची भेग कमी झाली आहे. मी बोट घालून बघितले. काल बोट जात होते, आज जात नाही.

९ फेब्रुवारी

पळून जायचे ठरवले. कोणी अडवले नाही, याचीच भीती वाटली. सुभेदार ओसरीवर विडी ओढत होते, त्यांनी पाय सुद्धा आखडले, मला वाट मिळावी म्हणून. रस्त्यावर दहा-बारा पावले गेलो असेन. श्वास येईना. मागे घराची लाकडे करकरली. गुंडा हवालदारांनी मला काखेत धरून परत आणले आणि म्हणाले, आमचाही आधी असाच करायचा.

आमचाही —

१० फेब्रुवारी

आईने दुपारी मागचे दार उघडले. जा म्हणाली. मला उठवेना. तिने ओढले. तिच्या अंगात एवढा जोर असेल असे वाटले नव्हते. उंबऱ्यापर्यंत आलो, आणि भेग वरपर्यंत फुटली, माती तिच्या डोक्यावर पडू लागली. माझ्याने बघवले नाही. मीच हात सोडवून घेतला.

मीच कोपऱ्यात येऊन बसलो. भेग मिटली.

११ फेब्रुवारी, सकाळ

रहिमान दगड बसवतो आहे. माझ्याजवळच, हाताच्या अंतरावर. लाकडी मोगरीने ठोकतो. दगडावर ठोका पडला की माझ्या बरगड्यांवर — त्याला सांगितले. तो थांबला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. सुभेदार म्हणाले, ठोक.

प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा —

पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध.

१२ फेब्रुवारी

दगड वर आला नाही. आळीतल्या बायका बघायला आल्या. वाकून हात फिरवतात, किती गुळगुळीत म्हणतात. तळवा फिरतो तो मला पाठीवर कळतो. मी भिंतीला टेकून बसलो आहे. एकजण माझ्या अंगावरून पदर ओढत गेली. माझ्याकडे कोणी बघत नाही. सुभेदार बोलतात ते खाली बघून.

अक्षर बरे येत नाही. बोटे —

आईने ताट आणले. माझ्यापुढे नाही, दगडापुढे ठेवले. रडून तिचा आवाज बसला आहे. दगडाकडेच बघत म्हणाली, "भूक लागली का रं, आकाराम?"

मी होय म्हणालो. ओठ हलले नाहीत. आवाज आला तो खालून, दगडाच्या —